कुत्र्याच्या हाती निरोप

नाताळ जवळ आला की अमेरिकेत आणि कॅनडात दूरचित्रवाणीसाठी म्हणून खास प्रेमकथा तयार होतात. ज्या वाचकांची मुले तिकडे आहेत त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. हे चित्रपट चित्रपटगृहांत लागत नाहीत. दीड तासाचा मामला. आजीपासून नातवंडांपर्यंत साऱ्यांनी एकत्र बसून पाहावा आणि दुसऱ्या दिवशी विसरावा. कथा बहुधा एकच. मोठ्या शहरात नोकरी करणारी मुलगी काही कारणाने लहान गावी येते. तिथे एक तरुण भेटतो. तो सुतार असतो, जनावरांचा डॉक्टर असतो, नाही तर पत्नी वारलेला एखादा सज्जन बाप असतो. दोघांचे आधी पटत नाही, मग पटते, मग चित्रपट संपत आला असताना अगदी वेळेवर एक गैरसमज होतो. आणि नाताळाच्या आदल्या संध्याकाळी, बर्फ भुरभुरत असताना, साऱ्या चित्रपटातले एकमेव चुंबन होऊन सर्व मंडळी सुखरूप घरी पोहोचतात.

या संप्रदायात कुत्र्यांची एक वेगळी शाखा आहे. तीत नायक-नायिकेची गाठ कुत्रा घालून देतो. कधी त्याची साखळी दोघांच्या पायांत गुंतते, कधी बेवारस कुत्र्यांचे आश्रयस्थान नाताळापूर्वी बंद पडण्याच्या बेतात असते आणि ते वाचविण्यासाठी दोघांना एकत्र यावे लागते. २०१९ सालचा 'ट्वेल्व्ह पप्स ऑफ ख्रिसमस' हा त्यांतलाच. कुत्र्यांच्या स्वभावावर उपचार करणारी एरिन ठरलेले लग्न मोडून दूरच्या नोकरीवर जाते. तिथे नाताळाच्या छायाचित्रांसाठी आणलेली बारा पिल्ले काम संपल्यावर कुणालाच नकोशी झालेली असतात. त्या बारांना घरे शोधता शोधता तिला स्वतःलाही सोबती मिळतो. प्रभुजन्मापासून तीन राजांच्या सणापर्यंतचे दिवस बारा, म्हणून पिल्लेही बारा. चित्रपटातली धार्मिकता काय ती एवढीच.

हा चित्रपट आमच्या कन्येने यंदाच्या आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात ओटावाहून आम्हांला पाहावयास लावला. लावला असेच म्हटले पाहिजे, कारण ती एरवी कशाचा आग्रह धरणारी मुलगी नव्हे. या वेळी मात्र तिने तीन वेळा विचारले, "आई, बाबा, पाहिला का?"

आम्ही दोघांनी उभे आयुष्य किन्हवलीच्या पंचक्रोशीत मुलांना मराठी शिकविण्यात घालविले. ज्या कथेचा शेवट पहिल्या पाच मिनिटांत कळतो तिच्याकडे नाक मुरडण्याची आम्हांला सवय आहे. परंतु या चित्रपटांचे मूळ कूळ हलके नाही. १९५१ च्या २४ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळाच्या आदल्या रात्री, अमेरिकेतल्या एन.बी.सी. वाहिनीवरून जान कार्लो मेनोत्ती यांची 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' ही संगीतिका प्रक्षेपित झाली. खास दूरचित्रवाणीसाठी रचलेली ही पहिली संगीतिका. कुबडी घेऊन चालणारा एक गरीब मुलगा, त्याची विधवा आई, आणि बेथलेहेमच्या वाटेवर त्यांच्या झोपडीत एका रात्रीपुरते उतरलेले तीन राजे, ही मुख्य पात्रे. बालकाला भेट द्यावयास मुलाजवळ दुसरे काहीच नसते. तो आपली कुबडी पुढे करतो, आणि चालू लागतो. या कार्यक्रमाची पुरस्कर्ती होती कॅन्सस सिटीची शुभेच्छापत्रे छापणारी हॉलमार्क ही कंपनी. पुढे २००१ साली याच कंपनीच्या नावाने वाहिनी निघाली. तिची वंशावळ पाहू गेले तर १९८० च्या दशकात निरनिराळ्या ख्रिस्ती आणि अन्य धर्मपंथांनी चालविलेल्या दोन वाहिन्यांपाशी आपण जाऊन पोहोचतो. त्या १९९२ मध्ये एकत्र आल्या, मग त्यांचे नाव बदलले, मग मालक बदलले. जिथे प्रवचने होत तिथे आता पिल्ले धावतात. २०१९ या एकाच वर्षी हॉलमार्कच्या वाहिन्यांनी नाताळासाठी नवे चाळीस चित्रपट दाखविले. त्यांत झाड उजळते, केक भाजला जातो, भेटवस्तूंना फिती बांधल्या जातात. गोठा मात्र क्वचितच दिसतो. देऊळ दिसलेच तर गायनाच्या कार्यक्रमापुरते.

चांगले चित्रपट या कुळात नाहीत असे नव्हे. ग्रेग किनकेड यांच्या कादंबरीवरून २००९ साली आलेला 'अ डॉग नेम्ड ख्रिसमस' आम्हांला खरोखरीच आवडला. कॅन्ससमधल्या एका शेतकऱ्याचा टॉड नावाचा मुलगा; बुद्धीने थोडा मागे, मनाने चार पावले पुढे. गावातले आश्रयस्थान लोकांना विनविते की एकेक कुत्रा नाताळापुरता तरी घरी न्या. बाप व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला, आणि कुत्र्यांशी जडलेली त्याची जुनी जखम अद्याप ओली आहे. तो कबूल होतो, पण सण उलटताच कुत्रा परत करायचा या अटीवर. ती अट पुढे काय होते हे चाणाक्ष वाचकाला सांगावयास नको. ही प्रेमकथा तरुण-तरुणीची नाही. ती एका अबोल बापाची आहे, आणि म्हणून आमच्या वयाला अधिक मानवली.

नाताळ, पशू आणि पडदा यांचे आपल्या महाराष्ट्राशीही एक जुने नाते आहे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपले देवही पडद्यावर यावेत या ध्यासाने ते पेटले. १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिताना त्यांनी स्वतः हा प्रसंग १९१० च्या नाताळातला म्हणून सांगितला आहे. काही चरित्रकार तो १९११ च्या ईस्टरचा मानतात, आणि आदल्या दिवशी फाळके मुलाला घेऊन प्राण्यांचा चित्रपट पाहून आले होते असेही सांगतात. पत्नी सरस्वतीबाईंना त्यांनी हा ख्रिस्तपट दाखविला. पुढे या बाईंनी दागिने गहाण ठेवायला दिले, साऱ्या चमूचा स्वयंपाक केला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पडद्यासमोर शेजारी शेजारी बसलेल्या त्या जोडप्याची आम्हांला आठवण झाली ती आमच्याच ओसरीवर, कन्येने पाठविलेला चित्रपट लावताना. सरस्वतीबाईंच्या पदरी पडले ते कष्ट आमच्या पदरी नव्हते. आमच्या पायाशी होती फक्त एक कुत्री.

आता तिच्याविषयी सांगितले पाहिजे.

किन्हवली हे शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे भातशेतीचे गाव. आम्ही मूळचे वसईचे. नोकरीने इकडे आणले तेव्हा वसई आणि शहापूर दोन्ही ठाणे जिल्ह्यातच होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आमची माणसे एका जिल्ह्यात, आम्ही दुसऱ्या, असे झाले. निवृत्तीनंतर वसईला परतावे असा बेत होता. तो पुढे पुढे सरकत गेला. डिसेंबरात इथे भाताची झोडणी आटपलेली असते, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात, ओल धरलेल्या शेतात वाल वर येतो आणि रात्री शेकोटीवाचून बसवत नाही. प्रत्येक पाड्याची आपली कुत्री असतात. मोत्या, वाघ्या, काळू, टिप्या. ती कुणा एकाची नसतात; ज्याच्या दारी भाकरी पडेल त्याच्या दारी ती सकाळी असतात, आणि रात्री साऱ्या पाड्याची. बिबट्याची चाहूल लागली की लोक त्यांना पडवीत घेतात. त्यांच्या जन्माचा सोहळा नाही, मरणाचे सुतक नाही. आम्हांला हे नाते फार प्रौढ वाटत आले आहे.

अलीकडे शहापूर-मुरबाडच्या माळांवर मुंबई-ठाण्याकडच्या लोकांनी शेतघरे बांधली. ती शनिवार-रविवारी आणि वर्षअखेरीला उजळतात. यंदाच्या जानेवारीच्या दोन तारखेला अशाच एका घरची पांढरी मोटार फाट्यावर थांबली, मागचे दार उघडले, एक फिकट सोनेरी रंगाची लॅब्रॅडॉर जातीची कुत्री खाली उतरली, आणि दार लागले. दूध घेऊन जाणाऱ्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले. आधी तिला वाटले, खेळ आहे. ती गाडीमागे धावली. मग परत आली आणि जिथे उतरली होती तिथेच बसली. नऊ दिवस ती तिथे बसून होती. पांढरी मोटार दिसली की उठायची, जवळ जाऊन हुंगायची आणि परत जागेवर. इंग्लंडमध्ये १९७८ साली कुत्र्यांच्या एका संस्थेने नाताळाच्या भेटीदाखल पिल्ले देणाऱ्यांना उद्देशून एक घोषवाक्य काढले होते. कुत्रा हा सणापुरता नव्हे, जन्माचा, असा त्याचा आशय. ते अजून तिकडे मोटारींच्या काचांवर चिकटविलेले दिसते म्हणतात. आमच्या फाट्यावर थांबलेल्या मोटारीच्या काचेवर काही चिकटविलेले नव्हते.

फाट्यावरचा चहावाला तिला पाव घालीत असे. दहाव्या दिवशी तो आमच्याकडे आला.

"गुरुजी, ती काय आपल्या कुत्र्यांवाणी नाय. तिला पळता येत नाय, चावता येत नाय. बिबट्यानं बघितली म्हंजे संपलं. बाईंना म्हनावं, ठेवून घ्या."

बाईंना म्हणावे लागले नाही. बाई आधीच दोरी शोधीत होत्या.

तिचे खरे नाव काय, हे आम्हांला कळणे शक्य नव्हते. आम्ही नाना नावांनी हाका मारून पाहिल्या. कशालाच तिने कान दिला नाही. पाड्यावरच्या पोरांनी एका दिवसात प्रश्न सोडविला. तिचा रंग, तिची चाल आणि चिखलात पाय न घालण्याची तिची तऱ्हा पाहून त्यांनी तिला 'सायबीण' म्हणावयास सुरुवात केली. सायबीण आमच्या घरी राहिली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन तिला पिसाळीची लस टोचून आणली. पांढरी मोटार दिसली की ती अजूनही उठून उभी राहते, परंतु आता फाटकापर्यंतच जाते.

कन्या ओटावाला आहे त्याला सात वर्षे झाली. आमची संध्याकाळचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात तिची सकाळचे नऊ. रविवारी या वेळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आम्ही एकमेकांस पाहतो. सात वर्षांत आमचे बोलणे झिजून गुळगुळीत झाले होते. जेवलात का, थंडी किती, गुडघा कसा आहे, मिस्सेला गेलीस का. जे विचारावयाचे होते ते आम्ही विचारीत नव्हतो, म्हणजे परत येणार का, आणि लग्नाचे काय. जे सांगावयाचे होते ते ती सांगत नव्हती. सायबीण आल्यावर या बोलण्यात जीव आला. "बाबा, आज तिने काय केले?" हा पहिला प्रश्न. सायबिणीने चप्पल नेली, सायबिणीला मोत्या घाबरला, सायबीण मांजरीला घाबरली. एप्रिलमध्ये कन्या म्हणाली, "आमच्या इमारतीतही एक कुत्रा आहे हं. टोबी नाव आहे." मे महिन्यात ती टोबीला फिरवायला नेऊ लागली होती. जुलैमध्ये टोबीसह ती आल्मॉन्ट नावाच्या गावी जाऊन आली. ओटावाजवळचे हे जुन्या लोकरगिरण्यांचे गाव असल्या नाताळपटांच्या चित्रणासाठी प्रसिद्ध आहे. भर उन्हाळ्यात तिथल्या दुकानांवर कागदी बर्फ पसरतात, जाड कोट घातलेले नट घाम पुशीत उभे राहतात, आणि एकाच कुत्र्याची भूमिका करण्यासाठी सारखी दिसणारी दोन-तीन कुत्री सावलीत जीभ काढून बसतात. हे सारे तिने आम्हांला हसत हसत सांगितले. तिथे ती कुणाच्या मोटारीतून गेली हे सांगितले नाही. आम्ही विचारले ते असे, "टोबीला गाडी लागत नाही ना?"

टोबी या नावाने मात्र आमच्या मनात एक जुने पान उघडले. इंग्रज लोक कुत्र्याला सर्रास हे नाव ठेवतात. त्यांच्या पंच आणि ज्यूडीच्या बाहुल्यांच्या खेळातल्या कुत्र्याचे नावही टोबीच. हे नाव तोबियास या नावाचे लाडके रूप आहे आणि त्याचे मूळ आपल्या जुन्या करारातल्या तोबीतच्या पुस्तकात आहे. हे पुस्तक प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलात नाही, आपल्यात आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांत त्याच्या पाच हस्तलिखितांचे तुकडे सापडले, चार अरेमाईक भाषेत आणि एक हिब्रूत. लग्नविधीत पुष्कळ जोडपी यातलाच तोबियास आणि साराच्या प्रार्थनेचा उतारा निवडतात, पण पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत वाचणारे थोडे. वाचकहो, अवश्य वाचा. ते प्रवासाचे, विवाहाचे आणि घरी परतण्याचे पुस्तक आहे आणि त्यात एक कुत्रा आहे.

निनवे नगरीत परागंदा होऊन राहिलेला तोबीत आंधळा होतो. मेदियातल्या एका ओळखीच्या माणसाकडे ठेवलेली चांदी आणण्यासाठी तो मुलाला दूर पाठवितो. वाटाड्या म्हणून जो तरुण सोबत निघतो तो वस्तुतः राफाएल देवदूत असतो. तो, तोबियास आणि मुलाचा कुत्रा असे तिघे वाट चालू लागतात. पुढे एक्बाताना नगरीत सारा भेटते. तिचे सात नवरे पहिल्याच रात्री मरण पावलेले. या आठव्या जावयासाठी सासरा रात्री उठून गुपचूप खड्डाही खणून ठेवतो, आणि सकाळी जावई जिवंत सापडल्यावर कुणी पाहण्याआधी तो बुजवायला लावतो. पवित्र शास्त्रात विनोद नाही असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पाहावा. चौदा दिवस लग्नाची मेजवानी चालते. इकडे निनवेत आईबाप दिवस मोजीत असतात. बाप म्हणतो, तो बरा असेल, उगीच बोलू नकोस. आई म्हणते, तूच गप्प राहा, माझे पोर गेले. रोज ती जाऊन वाटेकडे डोळे लावून बसते, अन्नाला शिवत नाही. अखेर एके दिवशी तो येताना दिसतो. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात इथे एक बारीकसा तपशील आहे: कुत्रा सर्वांच्या पुढे धावत येतो, जणू बातमी आणणारा तोच, आणि शेपूट हलवून आपला आनंद दाखवितो. आंधळ्या बापाला मुलगा दिसण्याआधी कुत्र्याची चाहूल लागली असेल असे आम्हांला नेहमी वाटते.

यहुदी लोकांना कुत्र्याचे प्रेम नव्हते. पवित्र शास्त्रात तो बहुधा हीन आणि भटका म्हणूनच येतो. लाझरसाचे फोड चाटणारी कुत्री म्हणा, मेजाखालचे तुकडे खाणारी म्हणा. कथेत तो काहीही करीत नाही, त्याच्यावाचून काही अडत नाही, तरीही त्याला कुणी पुस्तकातून काढून टाकले नाही. आमची कन्या सात-आठ वर्षांची असताना म्हसाच्या जत्रेतून तिने मातीचा एक कुत्रा आणला होता. म्हसाची जत्रा पौषातली. तिथे लोक बैल आणि घोंगड्या घ्यावयास जातात, आमच्या घरात कुत्रा आला. तो तिने अकरा महिने जपला आणि नाताळात गोठ्यात नेऊन मेंढपाळांच्या पायाशी ठेवला. वसईहून आलेल्या आत्याबाईंनी विचारले, "अगो, शुभवर्तमानात कुत्रा कुठे आहे?" ती म्हणाली, "आत्या, कुत्र्याशिवाय मेंढ्या कोण राखील?" शुभवर्तमानात तसे पाहिले तर बैल आणि गाढवही नाहीत, ते यशयाच्या ग्रंथातून आले आणि १२२३ साली संत फ्रान्सिसांनी ग्रेच्चो येथे खरोखरीचे आणून उभे केले. कुत्रा तेव्हापासून दरवर्षी आमच्या गोठ्यात आहे. त्याचा एक कान उडाला आहे.

'हम आपके हैं कौन' हा चित्रपट ५ ऑगस्ट १९९४ रोजी लागला. मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, लक्ष्मीकांत बेर्डे अशी घरची वाटणारी मराठी माणसे त्यात असल्याने आमच्या भागातून लोक कल्याणपर्यंत तो पाहावयास जात. परंतु त्यातला आमचा आवडता नट टफी नावाचा पांढरा कुत्रा. थोरल्या बहिणीच्या मृत्यूनंतर तिच्या तान्ह्या मुलासाठी निशाने मेहुण्याशी लग्न करावे असे वडीलधारे ठरवितात. तिचे प्रेम धाकट्या दिरावर, पण दोघेही तोंड उघडत नाहीत. अखेर ती त्याच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी टफीच्या स्वाधीन करते. टफी ती नेतो थोरल्याकडे, आणि जे कुणाला बोलता येत नव्हते ते एका क्षणात साऱ्या घराला कळते. आमच्या कन्येने पुढे हा चित्रपट दूरचित्रवाणीवर किती वेळा पाहिला याची गणती नाही. त्याचा परिणाम असा झाला की शाळेच्या सहलीचे पैसे मागायचे असोत की गणितात कमी पडलेले गुण सांगायचे असोत, ती कागदाची घडी आमच्या तेव्हाच्या मोत्याच्या गळ्यात सुतळीने बांधायची आणि त्याला ओसरीवर पिटाळायची. मोत्या येऊन उभा राहिला की आम्ही समजावे. चिठ्ठी वाचून होईपर्यंत ती माजघरात दारामागे उभी असे.

या आगमनकाळात तिने चित्रपट पाठविला, तीन वेळा विचारले, आणि चौथ्या वेळी आमच्यापैकी एकीने दुसऱ्याला म्हटले, "अहो, ही सुतळी आहे."

पुढच्या रविवारी आम्ही तिला सांगितले की चित्रपट पाहिला, पिल्ले फार गोड आहेत. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "टोबी फार वात्रट झालाय. सकाळी ते पगडी बांधायला बसले की हा कापडाचे दुसरे टोक तोंडात धरून ओढत राहतो."

पगडी हा शब्द तिने सहज उच्चारला. आम्ही तो ऐकला. टोबीचे मालक शीख आहेत, आणि 'ते' आहेत. आमच्या घरात बहुवचनाचा हा मान बाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाही. पडद्यावर तिच्या मागच्या खिडकीत बर्फ पडत होता, खरा. आम्ही दोघेही काही क्षण काही बोललो नाही. मग आमच्यापैकी एकाने विचारले, "आणि दुसरे टोक कोण धरते?"

"मी," ती म्हणाली.

वाचकांपैकी अनेक घरांत हा प्रसंग येऊन गेला असेल. ख्रिस्तसभेच्या कायद्यात अशा विवाहाला वाट आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यास बिशपांकडून सूट मागावी लागते, आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना ती देण्याचा यत्न करीन असे कॅथलिक व्यक्तीने वचन द्यावे लागते. कायदा आम्हांला पाठ आहे. तोबीतचे पुस्तकही पाठ आहे, आणि त्यात आंधळा बाप मुलाला निघण्यापूर्वी काय बजावतो हेही: आपल्याच पूर्वजांच्या कुळातली मुलगी कर, परकी करू नकोस. ज्या पुस्तकात कुत्रा आहे त्याच पुस्तकात ही आज्ञा आहे. दोहोंपैकी एकच वाचता येत नाही. तिचे बालपण, तिची पहिली कम्युनियन, वसईच्या चर्चमध्ये तिच्यासाठी मनात केव्हाच काढून ठेवलेली फुले, हे सारे त्या रात्री आमच्या डोळ्यांसमोरून गेले. तिचा चेहराही गेला, पगडीचे टोक धरून उभा असलेला. आम्ही अंथरुणावर पडून छताकडे पाहत होतो. शीख घराण्यातल्या त्या आईबापांनाही कोणत्यातरी कुत्र्याने हा निरोप दिला असेल का, तेही असेच छताकडे पाहत असतील का, एवढेच आम्ही एकमेकांशी बोललो. सायबीण पलंगाखाली घोरत होती.

तिला उत्तर द्यावयाचे आहे. पत्र लिहावे असे एकाचे म्हणणे. आपल्या पिढीला पत्रातच नीट बोलता येते. प्रत्यक्ष बोलावे असे एकीचे म्हणणे. ती ईस्टरला येऊ पाहते, एकटी की कसे, ते तिने सांगितलेले नाही. वसईच्या नातलगांना आम्ही अद्याप काही कळविलेले नाही, आणि फादरांशी नाताळ आटपल्यावर बोलू असे ठरले आहे. २४ तारखेला आसनगावहून लोकल धरून कल्याण, दिवा करीत वसई गाठायची, मध्यरात्रीची मिस्सा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. तेवढ्या काळात सायबिणीला चहावाला सांभाळणार आहे.

काल सकाळी आमच्यापैकी एकीने सायबिणीला अंगणात बसविले. तिच्या गळ्यात सुतळी बांधली आणि सुतळीला कागदाची एक घडी. घडीत काही लिहिलेले नव्हते. काय लिहावे यावर एकमत होत नव्हते. तसेच तिचे छायाचित्र काढून ओटावाला पाठविले. तिथे रात्रीचे साडेदहा वाजले असावेत. दोनच मिनिटांत उलट छायाचित्र आले. बर्फात बसलेला काळा-पांढरा टोबी, त्याच्या गळ्यात लाल फीत, फितीला कागदाची घडी, आणि चौकटीच्या कडेला, फीत सरळ करणारा, हातमोजा काढलेला एक पुरुषाचा हात, मनगटात पोलादी कडे. आमच्यापैकी एकीने चष्मा मागितला, दोन बोटांनी चित्र मोठे केले आणि बराच वेळ ती तो हात पाहत बसली.